बारावा सिगार

परत आलेल्या डब्यात अकरा सिगार होते आणि प्रत्येकाच्या कमरेला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठी म्हणजे जेमतेम नखाएवढा कागद. अक्षर इतकं बारीक की मला खिडकीशी जाऊन भिंग लावावं लागलं. ‘क्रमांक तीन. सतराव्या मिनिटाला टोपी सुटली, विसाव्याला पान तडकलं.’ ‘क्रमांक आठ. चौदाव्या मिनिटाला पान उलगडलं, पुढे ओढता आला नाही.’ अशा अकरा चिठ्ठ्या. एकीतही रागाचा शब्द नाही, नुसती नोंद. मला हे लिहिणारा माणूस तिथेच आवडला. कारखान्यात असं वाटणारी मी एकटीच होते.

“हा तिसरा डबा, मावशी,” मालक माझ्या सासूबाईंना म्हणाले. “पहिला आला तेव्हा म्हटलं, होतं एखाद्या वेळी. दुसरा आला तेव्हा तुमच्याकडे बघून गप्प बसलो. आता या गिऱ्हाइकाचा पुढचा डबा जाईल. तोही परत आला तर मला तुम्हाला मागच्या टेबलावर बसवावं लागेल. मला ते आवडणार नाही, पण करावं लागेल.”

सासूबाई हातातलं पान कापायचं पातं पुसत होत्या. “बरं,” एवढंच म्हणाल्या.

मागचं टेबल म्हणजे पाण्याच्या पिंपाजवळचं, शिरा काढायचं. तिथे पानांच्या मधली जाड शीर ओढून काढायची, दिवसभर. नवीन माणसं तिथे सुरुवात करतात. सासूबाई एकतीस वर्षं खिडकीशेजारच्या पहिल्या टेबलावर बसून सिगार वळतात. हे मालक त्याच टेबलाखाली बसून लहानपणी अभ्यास करायचे. त्यामुळे हे बोलताना त्यांनाही काही सुख होत नव्हतं, हे मला दिसत होतं, पण त्यांचा मला रागच आला.

राग यायला आणखी एक कारण होतं. मी तिथली तपासनीस. प्रत्येक डबा माझ्या डोळ्यांखालून जातो आणि झाकणावर माझी सही असते. परत आलेल्या तिन्ही डब्यांवर माझी सही होती. म्हणजे सासूबाईंच्या बरोबरीने नाक माझंही कापलं गेलं होतं. आणि ते नाक, सासूबाईंच्या मते, आधीच नको तितकं लांब आहे. “हिला नसत्या चौकशा,” असं त्या माझ्या देखत पाहुण्यांना सांगतात. “लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, हे दार आत का उघडतं, बाहेर का नाही.” ते खरं आहे. मी विचारलं होतं. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

शिवाय मी डावखुरी. त्यावरूनही त्या मला सोडत नाहीत. मी कात्री धरली की म्हणतात, “चाललं हिचं उलटं.”

अकरा सिगार मी माझ्या टेबलावर ओळीने मांडले. सिगार आतून साधाच असतो. पोटात भर, त्याला आवळून धरणारं एक जाडसर पान, आणि त्यावर गुंडाळलेलं तलम, देखणं वरचं पान. वरच्या पानाची गुंडाळी पेटवायच्या टोकापासून सुरू होते आणि गोल गोल फिरत तोंडाकडच्या टोकाला संपते. तिथे त्याच पानाची बोटाच्या पेराएवढी टोपी खळीने चिकटवतात. सगळा सिगार त्या टोपीच्या जिवावर असतो. टोपी सुटली की पान सुटलं, पान सुटलं की पोट फुगलं आणि तडकलं.

आता टोपी सुटते कशाने, हा प्रश्न होता. ओढणाऱ्याने टोक कापताना हावरेपणा केला, टोपीच्या खालपर्यंत कापलं, की सुटते. हे मी आधी पाहिलं. अकराही टोकं अशी कापलेली की मोजपट्टी लावून कापली असावीत. टोपीचा वरचा चकतीएवढा भाग गेलेला, खालची कड शाबूत. मग मी कोरडेपणाकडे वळले. पान वाळलं की बिस्किटासारखं तुटतं. पण अर्धवट जळलेल्या सिगारांचं उरलेलं अंग मी बोटांत दाबून पाहिलं, ते नरम होतं, दाबलं की परत वर येत होतं. ओलावा जास्त झाला असेल तर पोट फुगतं. मी जाडी मोजायची भोकांची पट्टी घेतली, अकरापैकी नऊ आपापल्या भोकातून सुळकन गेले. घाईघाईने ओढला तर आत तापून तडकतो, पण घाईवाल्याची राख भुसभुशीत असते आणि जळण्याची कड वाकडी. इथे कड सरळ होती. हा माणूस माझ्यापेक्षा नीटनेटका निघाला.

दोन दिवस गेले. मी एक सिगार गच्चीवर नेऊन स्वतः ओढूनही पाहिला. आमच्या कारखान्यात ओढणारं कुणी नाही. मालकांना धुराने खोकला येतो, बाकीच्या बायका नाकाला पदर लावतात, आणि गिऱ्हाईकं दुकानातूनच वळतात. म्हणजे आम्ही आयुष्यभर जी वस्तू करतो तिचं पुढे काय होतं ते आमच्यापैकी कुणी पाहिलेलंच नाही. माझ्या तपासाने चौथ्या झुरक्याला जीव सोडला. मी खोकत खाली आले तेव्हा सासूबाई जिन्यात उभ्या होत्या.

“काय कळलं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग कशाला घशाची वाट लावलीस? तोंड धुऊन ये.”

तिसऱ्या दिवशी मात्र मला दिसलं, आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

वरचं पान वळायच्या आधी मधली शीर काढली की पानाच्या दोन फाका होतात, उजवी आणि डावी. दोन्हींच्या शिरा वेगवेगळ्या बाजूंना जातात, म्हणून दोन्ही एकाच बाजूने वळता येत नाहीत. उजवी फाक सुलट फिरवायची, डावी उलट. सासूबाई एका पानाच्या दोन फाका लागोपाठ वळतात आणि डब्यात शेजारी शेजारी ठेवतात. जुळी भावंडं, असं त्या म्हणतात. चोवीसचा डबा म्हणजे बारा सुलट, बारा उलट. सिगार हातात धरला तर पानाच्या कडेची तिरकी रेघ कुठे झुकते त्यावरून ओळखू येतं.

परत आलेल्या अकराही सिगारांची रेघ एकाच बाजूला झुकलेली होती. अकराही उलट. सुलट एकही नाही.

मी पहिल्या दोन डब्यांची उरलेली थोटकं शोधून काढली. मालकांनी कपाटात ठेवली होती. तीही सगळी उलट.

खरं सांगायचं तर मला त्या रेघा पुसून टाकाव्याशा वाटल्या. कारण उजव्या हाताने सिगार उलट वळायचा म्हणजे मनगट बाहेरच्या अंगाला मुरडावं लागतं, आणि गेल्या काही महिन्यांत सासूबाई घरी बरणीचं झाकण मला उघडायला सांगत होत्या. “तुझ्या डाव्या हाताला काहीतरी काम दे,” असं म्हणून सांगायच्या, आणि मी हसून उघडायचे. कपडे पिळताना त्या मधेच थांबायच्या. किल्ली कुलपात फिरवताना दुसरा हात लावायच्या. हे सगळं मी पाहिलं होतं आणि मला, हो मलाच, त्यावर एकही प्रश्न सुचला नव्हता.

म्हणजे मालकांचं बरोबर होतं. हात गेला होता. आणि त्याचा पुरावा माझ्या टेबलावर ओळीने मांडलेला होता, माझ्याच चौकसपणाने. मी अकराही सिगार डब्यात भरले आणि झाकण लावलं. कुणाला काही बोलले नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. डब्यात उलट सिगार बारा होते. परत आले अकरा. बारावा कुठे गेला? हात गेला असेल तर बाराव्याच्या वेळी तो कुठून परत आला?

संध्याकाळी घरी भांडी घासताना सासूबाई म्हणाल्या, “उद्या पुढचा डबा मी स्वतः नेऊन देणार आहे. पुलापलीकडे राहतात ना ते? माफी मागते. आणि परत येऊन मालकांना सांगते, मीच जाते मागच्या टेबलावर. त्यांनी सांगून जाण्यापेक्षा ते बरं.”

मी भांडं तसंच धरून उभी राहिले. “आई, तुमचं मनगट...”

“तुला कळलंय ते मला कळलंय,” त्या म्हणाल्या. “तीन दिवस तू एक प्रश्न विचारला नाहीस. घरात कुणी आजारी आहे की काय असं वाटायला लागलं.” मग म्हणाल्या, “दुखतं गं. पण वळताना मला कधी सैल लागलं नाही. हाताला कळतं ना सैल की घट्ट. मला तर घट्टच लागायचे. आता हातच खोटं सांगायला लागला असेल तर कुणाला विचारू?”

हे त्यांनी भांडं घासता घासता सांगितलं. पण एकतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताबद्दल असं काही म्हटलं नसावं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी डोक्यात बारावा सिगार घोळत होता. माणूस असाच असतो, निदान मी तरी.

“मीही येते,” मी म्हटलं.

“नाक घरी ठेवून येणार असशील तर ये.”

सकाळी आम्ही पूल ओलांडला. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना खालच्या मजल्यावर दुकानं. पत्ता होता तिथे खाली घड्याळांचं दुकान होतं. काउंटरवर एक चाळिशीची बाई बसली होती, समोर मनगटी घड्याळं आणि सेलची पाकिटं. आम्ही डबा दाखवला तशी म्हणाली, “बाबांचा ना? वर आहेत. जा तुम्ही. कुणी आलं की त्यांना बरं वाटतं.”

वरची खोली स्वच्छ होती. खिडकीजवळ एक लांब टेबल, त्यावर हिरवी लोकरी बनात, बनातीवर काहीही नाही. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, कपाळावर भिंगाचा पट्टा चढवलेला, जणू आत्ता कुणी काम घेऊन येईल. भिंतीवर एकच घड्याळ, तेही सेलवरचं.

“तुम्हीच त्या?” सासूबाईंनी आपण कोण ते सांगितल्यावर ते उठून उभे राहिले. “वळणाऱ्या? बसा, बसा. बावीस वर्षं तुमचे सिगार ओढतोय. तुम्ही दिसता कशा असा विचारसुद्धा कधी केला नाही, बघा.”

“मी माफी मागायला आलेय,” सासूबाई उभ्याच राहिल्या. “माझा हात...”

“काका,” मी मधेच म्हटलं, “बारावा कुठे गेला?”

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जिना उतरून गेली असती.

“बारावा?” घड्याळजींनी विचारलं.

“डब्यात बारा सिगार उलट वळलेले असतात. तुम्ही अकरा परत पाठवले. एक राहिला.”

त्यांनी ड्रॉवर उघडून वही काढली. वही होतीच, मला खात्री होती. पानं उलटली. “हा. क्रमांक सोळा. तो मी ओढलाच नाही. डॉक्टर आले होते तपासायला, त्यांना दिला. मला कमी करा सांगतात आणि स्वतः ओढतात. इथेच बसून ओढला त्यांनी. एक तास पाच मिनिटं. शेवटपर्यंत काही झालं नाही.”

“उलट असून?”

“उलट-सुलट मला काय ठाऊक? पण काही झालं नाही. लिहिलंय ना इथे.”

मी नवा डबा त्यांच्यासमोर ठेवला. “काका, या डब्यातला एक पेटवा. आत्ता.”

“अगं काय हे!” सासूबाई म्हणाल्या.

पण घड्याळजी खूश झाले. नोंद ठेवणाऱ्या माणसाला प्रयोग म्हटलं की राहवत नाही. मी डब्यातून एक उलट निवडून दिला. त्यांनी टोपीवरची चकती अलगद कापली, काडी लांब धरून टोक सगळीकडून सारखं पेटवलं, घड्याळाकडे पाहून वेळ लिहिली आणि खुर्चीत मागे टेकले. सासूबाई एकदाच्या बसल्या. त्यांनी मला विचारलं नाही काय चाललंय, पण डोळे सिगारवर होते. आपण वळलेला सिगार जळताना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

घड्याळजी बोलत होते. सात-आठ महिन्यांपूर्वी मुलीला दुकान सोपवलं. डोळ्यांनी साथ सोडली, आणि तसंही किल्लीची घड्याळं आता येतात कुठे. पूर्वी सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम सगळ्या घड्याळांना किल्ली द्यायची. शंभराच्या वर घड्याळं. सिगार बशीत जळत राहायचा आणि दोन्ही हात कामात.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता काय. बसतो, ओढतो, नोंद करतो.”

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. सिगारचं टोक दातांत घट्ट धरलेलं. खाली अंगठा आणि पहिलं बोट सिगारच्या अंगावर. बोलता बोलता अंगठा पुढे सरकत होता, चिमटीत जोर घेऊन, आणि मग चिमूट ढिली होऊन मागे येत होती. परत पुढे, जोर. परत मागे, ढिली. मिनिटभर, दोन मिनिटं, थांबून परत.

“आई,” मी हळूच म्हटलं. “त्यांचा हात बघा.”

सासूबाईंनी पाहिलं. त्या एवढ्या हळू पुढे वाकल्या की खुर्ची वाजली नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही त्याला किल्ली देताय.”

घड्याळजी थांबले. त्यांनी आपली बोटं अशी पाहिली जशी कुणा दुसऱ्याची हातात सापडावीत. बोटं अजून चिमटीत होती. नेमका त्याच वेळी तोंडाकडून टोपीची कड उचलली गेली, आणि पानाची पट्टी सावकाश सुटून त्यांच्या हनुवटीला लागली. मी घड्याळाकडे पाहिलं. सोळावं मिनिट.

मग खोलीत आम्ही तिघांनी जे केलं ते शाळेतल्या मुलांसारखं होतं. मी माझी ओढणी सासूबाईंच्या बोटावर एकदा या बाजूने गुंडाळली, एकदा त्या बाजूने, आणि घड्याळजींना किल्ली द्यायला सांगितलं. एका बाजूने गुंडाळलेली ओढणी प्रत्येक पिळ्याला आवळत गेली. दुसऱ्या बाजूची ढिली होऊन गळून पडली. सगळी घड्याळं एकाच बाजूला किल्ली घेतात, ते म्हणाले, पन्नास वर्षं हात एकाच बाजूला फिरला. सुलट सिगार त्या किल्लीने घट्ट होत गेले आणि उलट सुटत गेले. टोपी ओठांनी ओली झालेली, वरून हा पीळ. कुणीही वळलेला असता तरी सुटला असता.

मी इतकी खूश झाले होते की मला समोर कोण बसलंय याचा विसर पडला. घड्याळजी मान खाली घालून बसले होते.

“म्हणजे दोष माझा,” ते म्हणाले. “तीन डबे परत पाठवले. वर नोंदी काढून. तुमच्या मालकांना काय वाटलं असेल.” त्यांनी कागद ओढला. “मी लिहून देतो. आणि ही खोड आजपासून बंद. हात खिशात ठेवत जाईन.”

त्यांनी तो हात खरंच मांडीखाली घेतला. बसल्या जागी तो हात काय करत असेल ते मला दिसत नव्हतं, पण खांदा हलत होता.

सासूबाई म्हणाल्या, “बंद करू नका.”

“अहो, पण...”

“मी या आठवड्यात मागच्या टेबलावर जाणार होते. वळायचं बंद. रात्रीपासून विचार करतेय, मी काय करेन. मी ताटाखालचा रुमाल वळला असता. वर्तमानपत्र वळलं असतं. हिची वेणी वळली असती, हिला आवडली नसती तरी. हाताला आपण सांगून काही होत नाही.” त्यांनी डबा जवळ ओढला. “हा डबा मी परत नेते. तुमच्यासाठी चोवीसच्या चोवीस सुलट वळीन. तुम्ही जितकी किल्ली द्याल तितकं पान आवळेल. द्या हवी तेवढी.”

घड्याळजींनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. मांडीखालचा हात बाहेर आला आणि त्यांनी मालकांना पत्र लिहिलं, त्याच मुंगीएवढ्या अक्षरात. निघताना त्यांनी डबा सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी तो डाव्या हाताने घेतला. ते क्षणभर त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

मालकांनी पत्र भिंगातून दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा मोठ्याने हसले. “किल्ली!” असं चार वेळा म्हणाले. सासूबाई खिडकीशेजारी जाऊन बसल्या आणि उजव्या फाका निवडायला लागल्या. मनगटाबद्दल त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. पत्राने त्या सुटल्या होत्या, आणि मला वाटलं, आता कशाला. पण डब्यावर सही करताना मला कसंतरी झालं, हेही खरं आहे. मी सही करते ती दिसतं त्याची, आणि मला दिसत होतं त्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

आता चोवीस सुलट वळायचे म्हणजे चोवीस डाव्या फाका उरणार. त्या ओल्या फडक्याखाली टेबलाच्या कोपऱ्यात साठत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा तपासायला गेले तर सासूबाईंनी शेजारची खुर्ची पायाने बाहेर सरकवली.

“बस.”

“मी?”

“तुझं सगळं उलटंच चालतं ना? मग यांना वळ. आयुष्यात एकदा तरी उपयोग होऊ दे.”

माझ्या डाव्या हातात त्यांनी पान दिलं. उलट वळसा डाव्या हाताला खरोखर सुलट पडतो, मनगट आत वळतं. तरी माझा पहिला सिगार पेटवायची गरज पडली नाही, तो टेबलावर ठेवल्या ठेवल्या उलगडला. दुसरा केळ्यासारखा झाला. सासूबाई माझ्या बोटांवर आपलं बोट ठेवून सांगत, “इथे ओढ. ओढ म्हणजे फाड नव्हे. हाताला विचार.” मी सतराशे साठ प्रश्न विचारले. आश्चर्य म्हणजे त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. सकाळी तपासनीस आणि दुपारी शिकाऊ, असे पाच आठवडे गेले. मालकांना वाटलं, सासूसुनेचा खेळ चाललाय.

मग डबा परत आला.

मालकांनीच तो आणला, दोन हातांत धरून, आणि पहिल्या टेबलावर ठेवला. सगळ्या टेबलांवरचे हात थांबले. झाकण उघडलं तर आत सिगार एकही नव्हता. नुसत्या चिठ्ठ्या, चोवीस, दोऱ्यांसकट.

“वाच,” सासूबाई मला म्हणाल्या.

मी भिंग घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागले. “क्रमांक एक. साठ पिळे दिले. टोपी जागेवर. क्रमांक दोन. चौऱ्याहत्तर पिळे. पान जागेवर. क्रमांक तीन. नव्वद. मुद्दाम जास्त दिले. काही झालं नाही.” बायका हसायला लागल्या. मालक टेबलाला टेकून ऐकत होते. दहाव्याला एकशे चार पिळे होते, विसाव्याला ‘मोजायचं विसरलो, मजेत होतो.’ तेविसाव्याला मुलीने दुकानासाठी एक किल्लीचं घड्याळ दुरुस्तीला घेतलं आहे, असं होतं.

चोविसावी चिठ्ठी मी उचलली आणि थांबले.

“वाच ना,” मालक म्हणाले.

मी सासूबाईंकडे पाहिलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘क्रमांक चोवीस. उत्तम. बाई, मनगट कसं आहे? किल्ली देणाऱ्याला दुसऱ्याचं मनगट दिसतं.’

मी ती मुठीत घेऊ शकले असते. ‘उत्तम’ एवढंच वाचून ठेवू शकले असते, आणि तेही खोटं नव्हतं. सासूबाईंना माझ्या चेहऱ्यावरून काय ते कळलं असावं. त्यांनी हात पुढे केला, चिठ्ठी आणि भिंग घेतलं, स्वतः वाचलं, आणि दोन्ही मालकांच्या हातात दिलं.

मालकांनी वाचलं. चिठ्ठी इवलीशी, पण त्यांना वेळ लागला. मग त्यांनी सासूबाईंच्या उजव्या हाताकडे पाहिलं. सासूबाईंनी तो लपवला नाही, टेबलावर तसाच ठेवला.

“कधीपासून, मावशी?”

“वर्ष झालं. उलट फिरवताना दुखतं. सुलटला काही नाही.”

मालकांची नजर टेबलावरून फिरली. उजव्या फाकांचा गठ्ठा सासूबाईंसमोर होता. डाव्या फाकांचा माझ्यासमोर. साच्यात कालचे दहा सिगार होते, पाच त्यांचे, पाच माझे. त्यांनी एक उलट उचलला, कानाशी धरून बोटांत दाबला, टोपीवरून नख फिरवलं. तपासणारी मी, आणि आता माझंच काम तपासलं जात होतं.

“हा कोणी वळला?”

“हिने,” सासूबाई म्हणाल्या. “जुळ्यातला डावा हिचा.”

मालकांनी सिगार साच्यात परत ठेवला, त्याच्या जुळ्या भावाशेजारी. मग ते मागच्या टेबलाकडे गेले, तिथली चांगली पाठीची खुर्ची उचलून आणली, आणि माझी मोडकी खुर्ची बाजूला सारून तिच्या जागी ठेवली.

“सही आता दुसऱ्या कुणाकडून करून घेत जा,” ते मला म्हणाले. “स्वतःच्या कामावर स्वतः सही चालायची नाही.”

ते गेल्यावर सासूबाईंनी चोविसावी चिठ्ठी दोऱ्याने आपल्या पात्याच्या मुठीला बांधली. मग त्यांनी फडकं बाजूला केलं, एका पानाची शीर ओढून काढली, उजवी फाक स्वतःकडे घेतली आणि डावी माझ्याकडे सरकवली.